दुसरी वीज आणि मधलें शून्य

परळी वैजनाथच्या औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुरांडीं पाहून जो पाहुणा आमच्या घाटनांदुरास येतो, तो संध्याकाळीं दिवे गेले म्हणजे एक प्रश्न बहुधा विचारतोच: "इतक्या जवळ वीज तयार होते आणि तुमच्या घरीं अंधार, हें कसें?" प्रश्न रास्त दिसतो, पण त्याच्या मुळाशीं एक गैरसमज आहे. परळीस तयार होणारी वीज परळीची राहत नाहीं. ती राज्याच्या व देशाच्या वीजजाळ्यांत मिसळते. आणि आमच्या घरीं येते ती त्या जाळ्यांतून, उपकेंद्रांतून, अकरा हजार व्होल्टच्या तारेवरून, व शेवटीं ज्यास गांवांत सर्वजण 'डीपी' म्हणतात त्या रोहित्रांतून. २०१३ च्या फेब्रुवारींत पाण्यावांचून परळीचे सर्व संच बंद पडले होते, म्हणून कांहीं आमचे दिवे कायमचे विझले नाहींत. आणि उलट, परळीचे संच भरांत चालू असतांनाहि एखादी फांदी तारेवर पडली कीं सारा गांव अंधारांत जातो.

अशा प्रसंगासाठीं घरांत दुसरी वीज ठेवण्याची चाल आतां रूढ झाली आहे. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत भारनियमन इतकें कडक होतें कीं इन्व्हर्टर ही चैनीची वस्तु न राहतां ज्वारीच्या कणगीसारखी संसाराची गरज होऊन बसली. भारनियमन पुढें पुष्कळ कमी झालें. इन्व्हर्टर मात्र घरांत राहिला. कोणाकडे लहानसा जनरेटर आला, कोणाच्या गच्चीवर सोलर पॅनेल चढलें. हीं साधनें विकत घेतांना बॅटरी केवढी, किंमत किती, हमी किती वर्षांची, एवढें सर्वजण विचारतात. परंतु एका विजेवरून दुसऱ्या विजेवर घर जातें कसें, हें कोणीच विचारीत नाहीं. वस्तुतः या साधनांची सारी उपयुक्तता व सारा धोका त्या जाण्यायेण्याच्या क्षणांतच सांठविलेला आहे. म्हणून या महिन्यांत तोच विषय घेण्याचें आम्ही योजिलें आहे.

संस्कृत व्याकरण थोडेंबहुत शिकलेल्या वाचकांस आदेश व आगम यांतील भेद आठवत असेल. आगम हा मूळ वर्णाच्या शेजारीं मित्रासारखा येऊन बसतो. आदेश शत्रूसारखा येतो. मूळ स्थानी हटला तरच त्यास जागा मिळते. इन्व्हर्टर किंवा जनरेटर यांची वीज ही महावितरणच्या विजेचा आदेश आहे, आगम नव्हे. दोघींनीं एका तारेवर एका वेळीं नांदावयाचें नाहीं.

तें कां, हें समजून घेतलें पाहिजे. आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टची व सेकंदास ५० आवर्तनांची असते. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरें होतें. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर हा ७६५ केव्हीचा मार्ग जोडला गेला, त्या दिवसापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत साऱ्या देशाचें वीजजाळें एकाच तालावर चालतें. आपला लहानसा जनरेटर त्या तालाशीं न जुळतां त्याच तारेस जोडला, तर भजनांत एकानें एक व दुसऱ्यानें दुसरा ताल धरल्याप्रमाणें केवळ रसभंग होऊन भागत नाहीं. बलाढ्य जाळें त्या जनरेटरास एका झटक्यानें आपल्या तालावर ओढूं पाहतें. त्यांत वेटोळीं जळतात, प्रसंगीं यंत्राचा दांडाहि पिळवटतो. मोठमोठीं वीजकेंद्रें एकमेकांस जोडतात तीं ताल, दाब व आवर्तनाची जागा सूक्ष्मपणें जुळवून घेतल्यावरच. घरगुती जनरेटरांत तशी सोय नसते. म्हणून त्यानें दूर राहावें हेंच बरें.

या नियमाचें सर्वांत साधें रूप म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांड्यास तीन जागा असतात. एका बाजूस महावितरणची वीज, दुसऱ्या बाजूस जनरेटर आणि मध्यें शून्य. दांडा या टोकाकडून त्या टोकाकडे न्यावयाचा तर तो मधल्या शून्यावरूनच न्यावा लागतो. कितीहि घाई असो, कितीहि अंधार असो, दोन्ही विजा एकदम धरणें त्या दांड्यास शक्यच नसतें. कारण ही शिस्त माणसाच्या स्मरणावर सोंपविलेली नसून लोखंडांत घडविलेली आहे. आधीं सोडावें, मग धरावें, हें त्या दांड्याचें ब्रीद होय.

इन्व्हर्टरांत तेंच काम रिले नांवाचा लहानसा विद्युच्चुंबकी खटका करतो. बाहेरची वीज आहे तोंपर्यंत ती सरळ घरांत जाते व जातां जातां बॅटरी भरते. ती गेली कीं खटका 'टक्' असा आवाज करून बॅटरीच्या बाजूस पडतो, आणि बॅटरींतील एकदिशा वीज उलटसुलट करून पंख्यांस व दिव्यांस दिली जाते. या बदलास साधारणपणें १० ते २० मिलिसेकंद, म्हणजे एखादें आवर्तन लागतें. फिरता पंखा तेवढ्यांत मंदावत नाहीं आणि संगणकहि आपल्या पोटांतील सांठ्यावर तेवढा क्षण बहुधा तग धरतो. म्हणजे मधलें शून्य येथेंहि आहेच; फक्त तें डोळ्यांस दिसत नाहीं.

पुष्कळशा इन्व्हर्टरांच्या मागच्या अंगास एक बारीकशी कळ असते, तिच्याकडे मात्र फारच थोड्यांचें लक्ष जातें. तिच्या एका बाजूस 'यूपीएस' व दुसऱ्या बाजूस 'नॉर्मल' अशा अर्थाची खूण असते. 'यूपीएस'कडे कळ ठेवली तर यंत्र बदल जलद करतें. पण साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर वीज गेली कीं ती 'नाहींच' असें समजतें. 'नॉर्मल'कडे ठेवली तर शंभर-सव्वाशें व्होल्टपर्यंतची अशक्त वीजहि चालवून घेतें, पण बदलास थोडा अधिक वेळ घेतें. उन्हाळ्यांत शेतपंपांच्या भारानें गांवाकडील दाब १७० वर येतो, तेव्हां 'यूपीएस'वर ठेवलेला इन्व्हर्टर लाइट असूनहि बॅटरी जाळीत बसतो. आणि मग खरोखर लाइट गेली कीं अर्ध्या तासांत हात वर करतो. दोष बॅटरीचा मानून नवी आणण्यापूर्वीं ही कळ पाहावी. घरांत संगणकावर काम करणारें कोणी नसेल तर ती 'नॉर्मल'कडे ठेवणें आमच्यासारख्या गांवीं अधिक हितकर ठरतें.

आदेशानें मूळ स्थानीप्रमाणें वागावें, असाहि व्याकरणाचा एक दंडक आहे. विजेच्या बाबतींत तो तितकाच लागू पडतो. स्वस्त इन्व्हर्टर वीज देतात ती चौकोनी लाटांची; तिच्यावर दिवा जळतो, पण पंखा घूं घूं करतो व मोटारी तापतात. 'साइन वेव्ह' इन्व्हर्टर मूळ विजेसारखीच गोल चढउताराची लाट देतो. वैद्यकीय उपकरण किंवा फ्रिज चालवावयाचा असेल तर काटकसर या ठिकाणीं करूं नये.

जेथें एका आवर्तनाचेंहि शून्य परवडत नाहीं, तेथें योजना निराळी असते. 'ऑनलाइन' यूपीएसमध्यें बाहेरची वीज आधीं एकदिशा होते, बॅटरीस मिळते, आणि तेथून पुन्हां उलटसुलट होऊन यंत्रास जाते. म्हणजे यंत्र नेहमींच आंतल्या विजेवर असतें. बाहेरची गेली तर बदलावयास कांहीं उरतच नाहीं. मोठ्या इस्पितळांचे अतिदक्षता विभाग व बँकांचे संगणक अशा व्यवस्थेवर चालतात. तिच्यामागें जनरेटर उभा असतो. वीज गेल्यावर स्वयंचलित बदलयंत्र एक-दोन सेकंद थांबून खात्री करून घेतें, मग इंजिन सुरू करतें. तें ठरलेल्या गतीस आलें व दाब स्थिर झाला म्हणजे सुमारें दहा सेकंदांत भार त्याच्याकडे सोंपवितें. परतण्याची रीत याहून सावध असते. बाहेरची वीज आली म्हणजे लगेच तिच्याकडे धांव घ्यावयाची नाहीं. ती कित्येक मिनिटें टिकते कीं नाहीं हें पाहावयाचें, मगच भार परत द्यावयाचा, आणि नंतरहि इंजिन थोडा वेळ रिकामें चालवून निववावयाचें. आमच्याकडे आलेली वीज पांच मिनिटांत पुन्हां जाण्याची संवय ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या सबुरीचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

हें मधलें शून्य जेथें नसतें तेथें काय होतें, तें आतां सांगणें भाग आहे. वादळानें वीज गेली आहे, दोन दिवस आलेली नाहीं आणि घरांत मंगलकार्य आहे. कोणी उत्साही पुतण्या भाड्यानें जनरेटर आणतो. चेंजओव्हर बसविलेला नसतो. मग दोन्ही टोकांस पिन लावलेली वायर तयार करून तिचें एक टोंक जनरेटरांत व दुसरें भिंतीवरच्या सॉकेटांत खुपसलें जातें. घरांत उजेड पडतो व सर्वजण पुतण्याची वाहवा करतात. पण मेन स्विच बंद करण्याचें कोणाच्या ध्यानांत राहिलें नसेल, तर ती वीज घरांतच थांबत नाहीं. मीटरांतून बाहेर पडून ती खांबावरच्या तारेवर जाते व तेथून डीपींत शिरते. रोहित्रास उलटसुलट दिशेचा विधिनिषेध नसतो. जें अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून घरास देतें, तेंच उलट अंगानें २३० व्होल्ट मिळतांच त्यांचे हजारों व्होल्ट करून वरच्या तारेवर चढवितें. जनरेटर लहान असेल तर साऱ्या आळीच्या भारानें तो गुदमरून बंद पडेलहि. परंतु तार घराच्या जवळच तुटलेली असेल तर त्याच्यावर फारसा भार येत नाहीं, आणि तुटकी तार जिवंतच राहते.

त्या तारेवर त्या वेळीं वायरमन चढलेला असतो. त्यानें उपकेंद्रांतून वीज बंद करविलेली असते, परमिट घेतलेलें असतें. कायद्यानें ती तार मेलेली असते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ कोंकणच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे खांब मोठ्या संख्येनें पडले आणि पुष्कळ गांवीं कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हां इतर जिल्ह्यांतून वायरमन मदतीस गेले. परक्या गांवीं खांबावर चढणाऱ्या त्या माणसास कोणत्या वाड्यांत जनरेटर चालू आहे हें कसें कळावें? तार भूमीस जोडूनच हात लावावा असा त्यांच्या कामाचा नियम आहे, आणि तोच त्यांस वांचवितो. पण एकाच्या सावधगिरीवर दुसऱ्यानें निष्काळजी राहावें, हा न्याय नव्हे. ज्याच्या श्रमानें आपल्या घरीं दिवा लागणार, त्याच्याच जिवावर आपला उतावळेपणा बेतावा, याहून मोठा कृतघ्नपणा तो कोणता? म्हणून आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं दोन पिनांची वायर ही घरांत ठेवण्याची वस्तुच नव्हे. परवानाधारक तंत्रज्ञाकडून चेंजओव्हर बसवून घेतल्याशिवाय जनरेटर घराच्या तारांस जोडूं नये. तसेंच तो घरांत किंवा बंद पडवींत चालवूं नये; त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो, आणि झोपेंतल्या माणसास तो उठूं देत नाहीं.

याच नियमानें आणखी एका तक्रारीचा उलगडा होतो. २०२४ मध्यें पंतप्रधान सूर्यघर योजना निघाल्यापासून गच्चीवर सौर वीज बसविणारे पुष्कळ झाले. त्यांतील कित्येकांची कुरकुर अशी कीं, "भर दुपारीं ऊन तापलें आहे, आणि लाइट गेली कीं सोलरहि बंद! मग उपयोग काय?" यावर उत्तर असें कीं जाळ्यास जोडलेली सौर वीज ही आदेश नसून आगम आहे. ती जाळ्याच्या तालाशीं ताल मिळवूनच चालते व उरलेली वीज त्याच तारेनें बाहेर देते. जाळें निर्जीव झाल्यावरहि ती वाहत राहिली, तर पुतण्याच्या जनरेटरासारखाच घात होईल. म्हणून अशा यंत्रास दोन सेकंदांच्या आंत आपण होऊन थांबावेंच लागतें. तो दोष नसून त्याचा सद्गुण आहे. अंधारांतहि सौर वीज हवी असेल तर बॅटरीसह 'हायब्रिड' यंत्र घ्यावें लागतें. तें घराचा ठराविक भाग बाहेरच्या तारेपासून तोडून मगच त्यास वीज देतें. तेथेंहि आधीं सोडणें व मग धरणें आलेंच.

आतां हीच गोष्ट एका महानगराच्या मापानें पाहूं. टाटांनीं खोपोली येथें १९१५ मध्यें, व पुढें भिवपुरी व भिरा येथें सह्याद्रीच्या पाण्यावर वीज काढून ती मुंबईस पुरविली. नंतर ट्रॉम्बे येथें औष्णिक केंद्र उभें राहिलें. बाहेरचें जाळें कोलमडलें तर मुंबईनें त्यापासून स्वतःस तोडून घ्यावें व या जवळच्या केंद्रांवर एखाद्या बेटासारखें तगावें, अशी स्वयंचलित योजना १९८१ पासून होती. मुंबईकरांस तिचा मोठा अभिमान असे. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास कळवा-पडघे बाजूच्या ४०० केव्ही मार्गांत बिघाड होऊन बाहेरचा पुरवठा तुटला, आणि तें बेट टिकलें नाहीं. शहराची त्या वेळची मागणी बेटांतील चालू निर्मितीपेक्षां पुष्कळ अधिक होती. असें झालें कीं यंत्रांची गति मंदावते, आवर्तनें पन्नासाखालीं घसरतात, आणि स्वतःस वांचविण्यासाठीं एकेक संच बंद पडत जातो. लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. करोनाच्या साथींत भरलेलीं इस्पितळें आपापल्या जनरेटरांवर गेलीं. अत्यावश्यक सेवांस दोन-अडीच तासांत वीज मिळूं लागली. बाकीच्या शहरास संध्याकाळपर्यंत टप्प्याटप्प्यानें मिळाली.

यावरून घेण्याचा धडा असा कीं नुसतें तोडणें व जोडणें पुरत नाहीं. ज्यास धरावयाचें तें आपल्या बळास झेपेल एवढेंच असलें पाहिजे, आणि तें अंधार पडण्यापूर्वीं ठरलेलें असलें पाहिजे. हिशेब कठीण नाहीं. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १८०० वॅट-तास असतात. घट व राखीव वजा जातां १२०० धरावे. नऊ वॅटचे चार दिवे ३६ आणि सत्तर वॅटचे तीन पंखे २१०, मिळून २४६ वॅट. म्हणजे पांच तासांस थोडेंसें कमी. तेच पंखे तीस वॅटच्या नव्या जातीचे असले तर भार १२६ वर येतो व साडेनऊ तास निघतात. बॅटरी न बदलतां वेळ दुप्पट होतो, हें पंखे विकत घेतांना लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

एकत्र कुटुंबांत या हिशेबाहून कठीण काम असतें तें वांटणीचें. वहिनींस मिक्सर हवा असतो, मुलांस टीव्ही हवा असतो, आणि इन्व्हर्टरच्या तारेस लपून छपून इस्त्रीहि लागते. एखादे दिवशीं यंत्र भार सोसवेना म्हणून बंद पडतें, तेव्हां विझतो तो सर्वांचा दिवा. समजा, घरांतील आजोबांस ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राचा आधार आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेपासून हें यंत्र पुष्कळ घरीं परिचित झालें आहे. तें पांच लिटरचें असेल तर सुमारें ३५० वॅट घेतें. वरील २४६ मध्यें ते मिळविले कीं पांच तासांचे दोनच तास उरतात! म्हणून वडील मंडळींनीं उजेडीं बसून ठरवावें: आजारी माणसाची खोली पहिली, स्वयंपाकघर व जिन्याचा दिवा दुसरा, अभ्यासाचें टेबल तिसरें, गीझर, इस्त्री व पाण्याची मोटार यांस त्या तारेवर जागाच नाहीं. ठरलें कीं तेवढ्याच जागांची वायर निराळी काढून घ्यावी, म्हणजे रोज वाद नको. यंत्रावर जीव अवलंबून असेल तर मात्र इन्व्हर्टरवरहि विसंबूं नये. भरलेला सिलिंडर व तो लावण्याची माहिती असलेलें माणूस जवळ असावें.

शेवटीं एक सूचना. महिन्यांतून एकदां, सर्व मंडळी घरीं असतांना, भरदिवसा मेन स्विच बंद करून पाहावा. कोणता दिवा राहतो, कोणता पंखा थांबतो, खटका पडतो कीं नाहीं, बॅटरींतील पाणी उतरलें आहे काय, हें दहा मिनिटांत कळतें. मेन स्विच कोठें आहे व तो कसा बंद करावयाचा, हें घरांतील प्रत्येक सुनेस व शाळेंत जाणाऱ्या मुलास दाखवून ठेवावें; कारण वीज जाते तेव्हां घरांतील कर्ते पुरुष बहुधा बाहेरच असतात. दुसरी वीज बाजारांत विकत मिळते, पण तिची शिस्त घरींच घडवावी लागते; आणि ज्या घरांत ती घडली, त्या घरचा उजेड खांबावरच्या माणसासहि सुखाचा होतो.